फ्लॉरेन्स दोन दिवसात, दोघांनी कसं बघायचं

सगळ्यात आधी कॅलेंडर काढा आणि सोमवार कुठे येतोय ते बघा. उफीत्सी आणि अकादेमिया, म्हणजे ज्या दोन म्युझियमसाठी आपण एवढे लांब जातो, ती दोन्ही सोमवारी बंद असतात, आणि हे आम्हाला कळलं कधी, तर रविवारी रात्री हॉटेलवर पोचल्यावर. मला वाटलं नवऱ्याने बघितलं असेल, त्याला वाटलं मी. शेवटी मंगळवारी ट्रेनच्या आधी धावतपळत अकादेमियातला मिकेलांजेलोचा डेव्हिडचा पुतळा उरकला. पाच मीटरहून उंच माणूस असा उरकायचा नसतो हो.

मग तिकिटं. तीनच गोष्टी घरून ऑनलाइन बुक करा, ही दोन म्युझियम आणि ड्युओमोचा, म्हणजे तिथल्या मुख्य चर्चचा घुमट. बाकी सगळं मोकळं सोडा, नाहीतर दोघं दिवसभर घड्याळ बघत भांडत बसाल. घुमटावर वेळ ठरवून घेतल्याशिवाय सोडत नाहीत, 463 पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही. ब्रुनेलेस्की या वास्तुकाराने तो 1420 ते 1436 या काळात बांधला, आत एक कवच, बाहेर एक, आणि आपण त्या दोन्हींच्या मधल्या बोळातून वर चढतो. ज्याचे गुडघे दुखतात त्याने खाली थांबावं, सिंहगड केलाय वगैरे फुशारकी इथे नको. उन्हाळ्यात बॅगेत एक ओढणी ठेवा, चर्चमध्ये खांदे उघडे चालत नाहीत.

हॉटेल सांता मारिया नोव्हेल्ला स्टेशनपासून चालत जाता येईल असं घ्या. जुनं शहर छोटं आहे, सगळं पायीच होतं. भाड्याची गाडी घेऊन आत अजिबात शिरू नका, बराचसा भाग बाहेरच्या गाड्यांना बंद आहे, कॅमेरा फोटो काढतो आणि दंडाचं पत्र मागाहून येतं. हॉटेलात माणशी रोजचा सिटी टॅक्स वेगळा द्यावा लागतो, तो धरून चाला.

खायचं म्हणाल तर कॉफी काउंटरला उभ्यानेच प्या, टेबलावर बसलात की तीच कॉफी महाग. तिथल्या ब्रेडमध्ये मीठ नसतं, विसरलेत की काय असं वाटतं पण पद्धतच तशी आहे. शाकाहारी असाल तर रिबोल्लिता मागा, शिळा ब्रेड, बीन्स, भाज्या एकत्र शिजवलेल्या, आपल्या फोडणीच्या पोळीची लांबची बहीणच म्हणा ना, फक्त मटणाचं पाणी घातलंय का ते विचारून घ्या. गाडीवर लाम्प्रेदोत्तोचं सँडविच दिसेल, ते गाईच्या पोटाचं असतं, नंतर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

पहिल्या संध्याकाळी पोंते वेक्कियो हा जुना पूल ओलांडून टेकडीवरच्या पियाझ्झाले मिकेलांजेलो चौकात चढा, सूर्यास्ताच्या तासभर आधी, नाहीतर कठड्याला जागा मिळत नाही. 1944 मध्ये जर्मनांनी माघार घेताना शहरातले बाकी सगळे पूल उडवले, पोंते वेक्कियो हा एकच ठेवला.

आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, दुकानं वगैरे सोडून, कॅशिने पार्कला जाच. ट्रामने पार्कच्या तोंडाशी उतरायचं आणि नदीकाठाने पश्चिमेला अगदी टोकापर्यंत चालत राहायचं, तीनेक किलोमीटर होतं. टोकाला आपल्या कोल्हापूरच्या राजाराम महाराजांची छत्री आहे. युरोपच्या दौऱ्यावरून परतताना 30 नोव्हेंबर 1870 ला ते इथे वारले, वय अवघं 20. आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांचं दहन झालं, 1874 मध्ये हे स्मारक उभं राहिलं, छत्रीखाली फेटा आणि दागिने घातलेला रंगीत अर्धपुतळा. शेजारच्या मोठ्या पुलाचं नावसुद्धा इंदियानो, म्हणजे भारतीय. आम्ही दोघं तिथे बराच वेळ काही न बोलता बसलो, एवढ्या लांब, एवढं पोरसवदा वय.

पाण्याची बाटली भरून न्या, आणि अंधार पडायच्या आत परत फिरा, परतीचंही तेवढंच चालायचं असतं.