रोबो व्हॅक्यूमला घरभर एकच वेळ लावू नका
एकाच फेरीत सगळं घर झाडायला लावलं, की रोबो मध्येच कुठेतरी अडकतो आणि नेमकं स्वयंपाकघर राहून जातं. अ‍ॅपमध्ये खोलीवार वेळा लावा:

१. अ‍ॅपमधल्या घराच्या नकाशात खोल्या वेगळ्या करून नावं द्या.
२. स्वयंपाकघर रोज रात्री, ओटा आवरल्यावर, कमी आवाजाच्या मोडवर.
३. बाकी खोल्या एक दिवसाआड, घरी कुणी नसताना.
४. रांगोळी, चार्जरच्या वायरी आणि गोंड्यांची सतरंजी यांभोवती नो-गो झोन (रोबोने जाऊ नये असा भाग) आखा. ही पायरी सर्वांत महत्त्वाची: गोंडा ब्रशला गुंडाळला की यंत्र तिथेच थांबतं.

जमिनीवर पाणी सांडलेलं असेल तर त्या रात्रीची फेरी रद्द करा. ओला कचरा फिल्टरला चिकटला की सक्शन कमी होतं.