कोरियन पद्धतीने त्वचेची निगा: रात्रीचा आणि सकाळचा क्रम कसा बसवावा

कोरियन स्किनकेअर म्हटलं की दहा बाटल्यांची रांग डोळ्यांसमोर येते आणि निम्मे लोक तिथेच हात टेकतात. हा दहाचा आकडा कोरियाबाहेरच जास्त रुळला. खुद्द सोलमध्ये २०१८ च्या सुमारास ‘स्किपकेअर’ हा शब्द तोंडी आला: नको त्या पायऱ्या गाळा, मोजकंच लावा. मग कोरियन पद्धत म्हणजे नेमकं काय? माझ्या लेखी दोन गोष्टी. चेहरा धुताना त्वचा कोरडी पडू द्यायची नाही. आणि एकच जाड क्रीम थापण्याऐवजी ओलावा पातळ थरांनी द्यायचा. थर किती, ते त्या दिवशीच्या त्वचेला हात लावून ठरवायचं.

थर लावण्यामागे तिथली हवा आहे. कोरियाच्या हिवाळ्यात सैबेरियाकडून थंड, कोरडे वारे येतात आणि घरात ‘ओन्दोल’, म्हणजे खालून तापवलेली जमीन असते. बाहेरही कोरडं, आतही कोरडं. अशा वेळी चेहरा वरून तेलकट दिसतो आणि आतून मात्र ओढल्यासारखा वाटतो. त्याला कोरियन लोक ‘सोक-गॉन्जो’ म्हणतात, आतला कोरडेपणा. दिवसभर एसीत बसणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. पण जुलैच्या दमट मुंबईत सोलच्या जानेवारीचे थर लावायचे नाहीत, आणि डिसेंबरातल्या नागपुरात एका थरावर भागवायचं नाही.

मी सुरुवात केली ती ठाण्यात, ऐन मे महिन्यात, आठ वस्तू एकदम मागवून. दहा दिवसांत हनुवटी आणि गालांवर बारीक पुटकुळ्या उठल्या. आठांपैकी कुठली वस्तू सोसली नाही हे कळायला मार्गच नव्हता. सगळं बंद करून दीड महिना साध्या फेसवॉश आणि मॉइश्चरायझरवर काढला. म्हणून पुढचा क्रम मी सांगते तसाच, एकेक वस्तू घेऊन बसवा.

आधी तीनच वस्तू

पहिले तीन आठवडे फक्त सौम्य क्लेन्झर, मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. एवढ्यानेच बऱ्याच जणांचा चेहरा निवळतो.

क्लेन्झर निवडताना ‘लो पीएच’ बघा. आपल्या त्वचेचा पीएच साधारण ४.५ ते ५.५, म्हणजे किंचित आम्लधर्मी. अंघोळीच्या साबणाचा ९ ते १०. साबणाने तोंड धुतल्यावर गाल ताणले जातात आणि आपण म्हणतो, ‘छान स्वच्छ झालं’. तो ताण स्वच्छतेचा नसतो, वरचा संरक्षक थर निघून गेल्याचा असतो. कोरियन बाटल्यांवर यासाठी ‘याक्सान्सॉन्ग’, म्हणजे सौम्य आम्लधर्मी, असं ठळक छापलेलं असतं.

कुठलीही नवी वस्तू आधी कानामागे किंवा जबड्याच्या कडेला तीन रात्री लावून बघा. खाज, लाली, पुरळ काही नाही, तर मग चेहऱ्यावर. आणि दोन नव्या वस्तूंमध्ये किमान दोन आठवड्यांचं अंतर ठेवा.

रात्र: खरं काम इथे होतं

रात्रीचा क्रम आधी बसवा. दिवसभराचं सनस्क्रीन, घाम, धूळ नीट निघाली नाही, तर वर कितीही महागडं सीरम (एखाद्या तक्रारीसाठीचं तीव्र द्रव) लावा, ते मळावरच बसतं.

१. तेलाने धुणं. हात कोरडे, चेहराही कोरडा. इथेच बहुतेकांचं चुकतं, सवयीने आधी पाणी मारलं जातं. क्लेन्झिंग ऑइलचे दोन-तीन पंप तळहातावर घ्या आणि मिनिटभर हलक्या बोटांनी फिरवा: कपाळ, नाकाच्या बाजू, हनुवटीखालचा भाग, केसांची कड. काजळ असेल तर शेवटी डोळे मिटून पापण्यांवरून. आता ओंजळीत अगदी थोडं कोमट पाणी घेऊन पुन्हा तेच बोटं फिरवणं. तेल बघता बघता पांढरं, दुधासारखं होतं आणि बोटांखालचा चिकटपणा सुटतो. हे दूध होणं महत्त्वाचं आहे. ते झाल्याशिवाय भरपूर पाणी ओतलं तर तेल चेहऱ्यावरच राहतं आणि आठवड्याभरात पुळ्या येतात.

घरातलं खोबरेल चालेल का, हा प्रश्न हमखास येतो. खोबरेल पाण्यात मिसळून दुधाळ होत नाही, कारण त्यात तेल-पाणी एकत्र आणणारा घटक नसतो. शिवाय मुरुमांची प्रवृत्ती असेल तर ते रंध्रं बुजवतं. केसांना लावा, चेहऱ्याला नको.

२. पाण्याच्या क्लेन्झरने धुणं. वाटाण्याएवढं जेल, हातावरच फेस करून, अर्धा मिनिट. पाणी कोमट, गरम नाही. स्वच्छ टॉवेलने टिपून घ्या, खसाखसा पुसू नका. ज्या दिवशी सनस्क्रीन किंवा मेकअप लावलाच नाही, त्या दिवशी तेलाची पायरी गाळा.

कोरियातही पूर्वी बाटल्या नव्हत्याच. जोसॉन या जुन्या राजघराण्याच्या काळात मूग आणि लाल चवळीसारख्या कडधान्यांचं बारीक पीठ चेहरा धुवायला वापरत, त्याला ‘जोदू’ म्हणत. तांदूळ धुतलेलं पाणीही वापरत. आपल्याकडचं मुगाचं पीठ, दिवाळीचं उटणं आठवतं ना? हे नातं मला फार जवळचं वाटतं. पण पुळ्या असलेल्या चेहऱ्यावर कुठलंही भरड पीठ रगडू नका, सुजलेली त्वचा आणखी सोलवटते.

३. टोनर, म्हणजे पाण्यासारखं पातळ, ओलावा देणारं द्रव. कोरियन लोक याला नुसतं ‘स्किन’ म्हणतात. तोंड धुऊन झाल्यावर चेहरा दमट असतानाच दोन-चार थेंब तळहातावर घ्या, हात एकमेकांवर दाबा आणि तळवे गालांवर पाच-सहा सेकंद नुसते ठेवा. मग कपाळ, मग मान. चापट्या मारायची गरज नाही. तळवा उचलताना त्वचा किंचित चिकटून सुटते, तेव्हा समजा एक थर जिरला. गाल अजून ओढत असतील तर दुसरा थर. ‘सात स्किन’ नावाची सात थरांची पद्धत कोरियात गाजली, पण आपल्या हवेत दोन, फार तर तीन पुरतात. कापसावर टोनर घेऊन चेहरा पुसण्याला ‘दाक्तो’ म्हणतात. नाजूक त्वचेला त्या घासण्याचाही त्रास होतो, म्हणून हातच बरे.

४. एसेन्स, म्हणजे टोनरहून किंचित दाट, सीरमहून हलकं द्रव. ही पायरी हवीच असं नाही. त्वचा कोरडी किंवा थकलेली असेल तर घ्या. सगळ्यात प्रसिद्ध एसेन्स गोगलगायीच्या स्रावाचं आहे. कॉसआरएक्स या कोरियन कंपनीच्या बाटलीवरचा ९६ हा आकडा त्या स्रावाचं प्रमाण सांगतो. शाकाहारी वाचकांनी हे आधीच लक्षात घ्यावं. कोलाजेन प्राण्यांपासून किंवा माशांपासून येतं, प्रोपोलिस आणि मेण मधमाश्यांचं. ज्यांना हे नको त्यांनी तांदळाचं किंवा ‘सिका’चं एसेन्स बघावं. सिका म्हणजे सेंटेला एशियाटिका, मराठीत कारिवणा, आयुर्वेदातली मंडूकपर्णी. ओलसर जागी पसरणारी गोल पानांची ही वेल अनेक घरांत ब्राह्मी म्हणूनच ओळखली जाते. लाल झालेली, चिडलेली त्वचा शांत करायला कोरियन कंपन्या तिचाच आधार घेतात.

५. सीरम. एक तक्रार, एक सीरम. पाच-सहा थेंब, त्याहून जास्त नाही.

डागांसाठी नायसिनामाइड, म्हणजे बी-३ जीवनसत्त्वाचा एक प्रकार, हा भरवशाचा घटक आहे. कोरियात ‘फंक्शनल कॉस्मेटिक्स’ असा वेगळा सरकारी वर्ग असतो. त्यात त्वचा उजळ करण्याच्या दाव्यासाठी नायसिनामाइडचं ठरवून दिलेलं प्रमाण २ ते ५ टक्के आहे आणि सुरकुत्यांसाठी अ‍ॅडेनोसिनचं अवघं ०.०४ टक्के. मग आपण दहा टक्क्यांच्या मागे का धावायचं? जास्त प्रमाणात अनेकांचा चेहरा लाल होतो आणि चुणचुणतो.

इथे मनापासून एक सांगायचं आहे. कोरियन खोक्यावर ‘मिबॅक’ हा शब्द असतो, त्याचं भाषांतर सरसकट ‘गोरेपणा’ असं केलं जातं. ही वस्तू डाग फिकट करते, रंग एकसारखा दिसायला मदत करते. सावळी त्वचा गोरी करत नाही, आणि तसं करायची गरजही नाही. मुलींनी गोरं होण्यासाठी मेडिकलमधून परस्पर स्टेरॉइडचं क्रीम आणून महिनोन्‌महिने लावायचं आणि मग त्वचा पातळ, लाल, केसाळ होऊन बसायचं, हे थांबायला हवं. असं क्रीम तुम्ही लावत असाल तर ते एकदम सोडून वर कोरियन वस्तू सुरू करू नका. आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

६. मॉइश्चरायझर. तेलकट त्वचेला जेल किंवा पातळ ‘लोशन’, कोरड्या त्वचेला सेरामाइड (त्वचेच्या संरक्षक थरातला स्निग्ध घटक) असलेलं क्रीम. आधीच्या थरांचा दमटपणा असतानाच लावा, म्हणजे तो आत राहतो. क्रमाचा नियम एकच: पातळ आधी, घट्ट शेवटी.

शीट मास्क आठवड्यातून एक-दोनदा, टोनरनंतर, १५ ते २० मिनिटं. मास्क वाळेपर्यंत ठेवला तर तोच उलट त्वचेतलं पाणी ओढून घ्यायला लागतो. मृत त्वचा काढणारं आम्ल आठवड्यातून एका रात्री, आणि त्या रात्री रेटिनॉल (सुरकुत्या-मुरुमांसाठीचा अ जीवनसत्त्वाचा प्रकार) नाही. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर रेटिनॉल पूर्ण बंद.

सकाळ: थोडक्यात, पण सनस्क्रीनला सवलत नाही

रात्री नीट धुतलं असेल तर सकाळी नुसतं पाणी पुरतं. कोरियात याला ‘मुल-सेआन’ म्हणतात. उठल्यावर कपाळाला बोट लावून बघा. फारच तेलकट असेल तर थोडं जेल घ्या. मग टोनरचा एक थर, हवं असल्यास व्हिटॅमिन सी किंवा रात्रीचंच नायसिनामाइड, हलकं लोशन. पावसाळ्यात हे लोशनही गाळता येतं, सनस्क्रीनमध्येच पुरेसा ओलावा असतो.

आता सनस्क्रीन. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर बुडापासून टोकापर्यंत एकेक रेघ काढा. चेहरा आणि मानेसाठी एवढं लागतंच. वाटाण्याएवढं लावलं तर खोक्यावरचा एसपीएफ ५० चेहऱ्यावर पोचत नाही, कारण तो आकडा दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम इतका जाड थर देऊन मोजलेला असतो. एसपीएफ मुख्यतः भाजवणाऱ्या यूव्हीबी किरणांबद्दल सांगतो. वांग आणि काळे डाग वाढवणारे यूव्हीए किरण खिडकीच्या काचेतूनही आत येतात. त्यांच्यासाठी ‘पीए’ आणि पुढची अधिकची चिन्हं बघा. चार चिन्हं म्हणजे सर्वांत वरची पायरी. घराबाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावा.

सावळ्या त्वचेसाठी एक खूणगाठ: ‘टोन-अप’ लिहिलेलं कोरियन सनस्क्रीन घेऊ नका. ते चेहरा पांढुरका दिसावा म्हणूनच बनवलेलं असतं. या पांढऱ्या थराला कोरियन शब्द आहे ‘बेकताक’, आणि तिथल्या ग्राहकांनाही तो आवडतोच असं नाही. आणि आकड्यावर डोळे मिटून विश्वास नको. २०२० च्या अखेरीस एका लोकप्रिय कोरियन सनस्क्रीनवर एसपीएफ ५० च्या वर छापलेलं असताना स्वतंत्र चाचणीत तो २० च्याही आत निघाला होता. म्हणून छत्री, टोपी, ओढणी सोडू नका.

कुठलीही वस्तू लावल्यावर दोन-तीन मिनिटांनंतरही आग होत राहिली तर धुऊन टाका आणि थेट पहिल्या तीन वस्तूंवर परत या. चार-सहा आठवडे थांबल्याशिवाय सीरमचा निकाल लावू नका, त्वचेचा वरचा थर नवा व्हायलाच महिनाभर लागतो. पूयुक्त, दुखणारे मुरूम आणि खोल डाग हे डॉक्टरांचं काम आहे, टोनरचं नाही.

खोकं वाचायला शिका

कोरियन खोक्यावर तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी असते. शेजारी ‘जेजो’ हा शब्द असेल तर ती बनवल्याची तारीख, ‘क्काजी’ असेल तर त्या दिवसापर्यंत वापरा. बनवल्याची तारीख मुदत समजून चांगली बाटली फेकून देणारे आणि त्याच्या उलट करणारे, दोन्ही मी पाहिले आहेत. अक्षरं ओळखता येत नसतील तर फोनच्या कॅमेऱ्यावरचं भाषांतर वापरा. रीतसर आयात झालेल्या वस्तूवर भारतीय आयातदाराचं नाव, पत्ता आणि नोंदणी क्रमांक असतो. तो नसेल तर कितीही स्वस्त असली तरी परत ठेवा. उघड्या डबीचं चिन्ह आणि त्यात १२ असेल तर उघडल्यापासून बारा महिने. हे आपल्या लक्षात राहत नाही, म्हणून झाकण उघडाल त्याच दिवशी बाटलीच्या बुडाला मार्करने तारीख घाला.