शाळेसमोर ‘गाडी बंद करा’ म्हणताना या चुका टाळा

शाळा सुटायच्या वेळी जुळे सोलापूर असो, होटगी रोड असो की सात रस्ता, फाटकापाशी गाड्या उभ्या आणि इंजिनं चालूच. लहान पोरांचं नाक सायलेन्सरच्या जवळपास येतं, शिवाय मुलं वजनाच्या मानानं मोठ्यांपेक्षा जास्त हवा आत ओढतात. डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१२ मध्येच जाहीर केलंय. हवा प्रदूषित असलेल्या शहरांसाठीच्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात सोलापूरचाही समावेश झालाय. त्यामुळे हे थांबवायलाच हवं. पण थांबवायला निघालेले पालक आणि शिक्षक बऱ्याचदा चुकीच्या टोकाला हात घालतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे उन्हाचा विचार न करणं. एप्रिलमध्ये पारा चाळिशीपार असताना एसी बंद करून बसा, असं सांगितलं तर कोण ऐकेल? तिथं मागणीच बदला. लवकर येऊन थांबू नका, घंटेच्या वेळेलाच या, गाडी लांब झाडाखाली लावून फाटकापर्यंत चालत या. शाळेनं वर्ग पाच-पाच मिनिटांच्या अंतरानं सोडले तर रांगच लहान होते. माझ्या मते दहा फलकांपेक्षा हे एक काम मोलाचं.

फलक लावायचाच, तर फाटकावर नको. तिथं पोचेपर्यंत माणूस निघायच्या घाईत असतो. जिथं गाड्या थांबून राहतात, तिथं लावा.

“बंद-चालू केलं की पेट्रोल जास्त जातं” हे ऐकून गप्प बसू नका. ही समजूत जुन्या, कार्बुरेटरवाल्या गाड्यांच्या काळातली. आताच्या, इंधन मोजून फवारणाऱ्या इंजेक्शनच्या गाडीत दहा सेकंदांपेक्षा जास्त उभं राहायचं असेल तर बंद करणंच स्वस्त पडतं. “माझ्या गाडीला धूरच नाही” असंही म्हणतात. पण कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजनचे ऑक्साइड डोळ्यांना दिसत नाहीत.

व्हॅनवाले आणि रिक्षावाले ऐकत नसतील तर लगेच त्यांना हट्टी ठरवू नका. आधी विचारा, “मामा, सेल्फ लागतोय का नीट?” बॅटरी उतरलेली असली की पोरांनी भरलेली गाडी परत चालू होईल की नाही, ही धास्ती असते, म्हणून इंजिन चालू ठेवतात. टर्मिनलवर पांढरा थर साचला असेल तर साफ करून घट्ट करायला सांगा. तरीही अडत असेल तर बॅटरी तपासून घ्यावी लागेल. त्या व्हॅननं मुलं पाठवणाऱ्या पालकांनी मिळून त्या खर्चाला हातभार लावला तर काम लवकर होतं.

चारचौघांत ओरडू नका. ओरडा खाल्लेला माणूस दुसऱ्या दिवशी मुद्दाम चालू ठेवतो. काचेपाशी जाऊन हळू आवाजात “दादा, तेवढी बंद करा की, पोरं यायलीत” एवढं पुरतं. आणि रांग पुढं सरकत असताना हे सांगू नका. तिथं दर दोन हातांवर कुणी गाडी बंद करत नसतो.