नोकरी बदलून परदेशात इंग्रजी शिकवायला कसं जावं

या वाटेवर बरेच जण उलट्या क्रमाने चालतात. आधी इंग्रजी शिकवण्याच्या कोर्सची फी भरतात, मग देश निवडतात आणि शेवटी कळतं, की आपल्या पासपोर्टवर तिथे शिक्षकाचा व्हिसाच मिळत नाही. म्हणून सुरुवात व्हिसापासून करा.

पासपोर्ट आणि पदवी तपासा. दक्षिण कोरियाचा ई-२ व्हिसा, म्हणजे परदेशी भाषा शिकवणाऱ्यांचा व्हिसा, इंग्रजीसाठी मुख्यतः अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांसाठी आहे. परदेशी तरुणांना शाळांत इंग्रजी शिकवायला बोलावणाऱ्या, जपानच्या १९८७ पासून चालू असलेल्या सरकारी जेट कार्यक्रमाला पदवी लागते, विषय मात्र कोणताही चालतो. इतर अनेक देशही पदवी मागतात. नियम बदलत राहतात, त्यामुळे एजंटच्या तोंडी शब्दावर न जाता वकिलातीच्या संकेतस्थळावर आजचा नियम वाचा.

इंग्रजी तुमची मातृभाषा नसेल तर काही दारं बंद असतात, काही ठिकाणी आयेल्टससारख्या परीक्षेचा निकाल दाखवावा लागतो. पण शिक्षक म्हणून हे उणेपण मुळीच नाही. ही भाषा स्वतः शिकलेल्या माणसाला विद्यार्थी कुठे अडखळतो ते आधीच ठाऊक असतं.

कोर्स निवडा. १२० तासांचे स्वस्त ऑनलाइन कोर्स ढिगाने आहेत. व्हिसासाठी काही ठिकाणी ते चालतातही, पण अनेकांत खऱ्या वर्गासमोर एक तासही उभं राहावं लागत नाही. केंब्रिजचा सेल्टा आणि ट्रिनिटीचा सर्टटीसॉल या इंग्रजी शिकवण्याच्या दोन प्रमाणपत्र कोर्सांत खऱ्या विद्यार्थ्यांना सहा तास शिकवावं लागतं आणि प्रशिक्षक मागे बसून पाहतात. पूर्णवेळ सेल्टा साधारण चार आठवड्यांचा असतो. त्या महिन्यात दुसरं कुठलंही काम हाती घेऊ नका. पाठाचा आराखडा, साहित्य आणि चार लेखी असाइनमेंट यांतच रात्री जातात.

शिकवण्याचा सराव करा. मुलाखतीत बहुधा छोटा नमुना पाठ घ्यायला सांगतात. नवखे तिथे दोन चुका करतात. एक म्हणजे स्वतःच बोलत राहतात आणि दुसरी म्हणजे ‘समजलं का?’ असं विचारतात. या प्रश्नाला वर्ग ‘हो’च म्हणतो, त्यातून काहीच कळत नाही. समजा, ‘आय हॅव लॉस्ट माय की’ हे वाक्य शिकवायचं आहे. नियम सांगत बसण्यापेक्षा विचारा: किल्ली आत्ता त्याच्याकडे आहे का? नाही. पूर्वी होती का? हो. नक्की कधी हरवली, हे वाक्यात सांगितलंय का? नाही. या तीन उत्तरांत त्या काळाचा अर्थ विद्यार्थ्यांच्याच तोंडून बाहेर येतो. शिकवायच्या प्रत्येक रचनेसाठी असे दोन-तीन प्रश्न आधी लिहून ठेवा आणि ते त्या रचनेपेक्षा सोप्या इंग्रजीत असू द्या.

जुनी नोकरी सोडण्याआधी संध्याकाळी किंवा सुटीच्या दिवशी प्रौढांचा एखादा वर्ग घेऊन पाहा. जुन्या क्षेत्राचाही उपयोग होतो. हिशेब, रुग्णालय, विमानसेवा किंवा कायदा यांतला अनुभव असेल तर त्या व्यवसायाचं इंग्रजी शिकवणाऱ्या संस्थांना तो हवा असतो, म्हणून तो बायोडेटात वरच लिहा.

कागदपत्रं लवकर काढा. सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. पदवी प्रमाणपत्र, पोलिसांचा चारित्र्य दाखला, वैद्यकीय तपासणी आणि त्यांवर अपॉस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून मिळणारा सरकारी शिक्का) किंवा वकिलातीचं साक्षांकन, असा हा संच आहे. पदवीवर एक नाव, पासपोर्टवर दुसरं, मधलं नाव गायब, अशा फरकांमुळे अर्ज अडतात. ही दुरुस्ती सर्वांत आधी करा. चारित्र्य दाखला मात्र फार लवकर काढू नका, त्याला अनेक ठिकाणी काही महिन्यांचीच मुदत असते.

पैसे बाजूला ठेवा. पहिला पगार महिना संपल्यावर मिळतो आणि घराची अनामत त्याआधी भरावी लागते. तीन महिन्यांचा खर्च आणि परतीचं भाडं हाताशी हवं.

करार ओळ न ओळ वाचा. आठवड्याला २५ तास असं लिहिलेलं असेल तर ते फक्त वर्गातले तास आहेत का, तयारी, तपासणी आणि बैठका वेगळ्या का, हे विचारून घ्या. सकाळी दोन तास आणि संध्याकाळी चार तास असं वेळापत्रक असेल तर अख्खा दिवस कामातच अडकतो. विमा, भरपगारी सुटी आणि नोटिशीची मुदत लेखी हवी. ‘पर्यटक व्हिसावर या, काम लगेच सुरू करा, कागद नंतर बघू’ असं म्हणणाऱ्याला सरळ नकार द्या, कारण परवान्याशिवाय काम केल्याचा दंड किंवा हकालपट्टी शिक्षकाच्या वाट्याला येऊ शकते. सहीआधी तिथे सध्या शिकवणाऱ्या एखाद्या शिक्षकाशी बोलणं करून द्यायला सांगा. शाळेने त्यात टाळाटाळ केली तर सही करू नका.