१.३ लिटरच्या पेट्रोल इंजिनाला टर्बो निवडताना: आधी हवेचा हिशेब

टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर टर्बाइन फिरवून कॉम्प्रेसरने इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप. भंगार बाजारात स्वस्तात मिळाला म्हणून तो उचलायचा आणि मग तो इंजिनावर बसवायची खटपट करायची, इथेच बहुतेक घरगुती प्रोजेक्ट फसतात. सुरुवात एकाच प्रश्नाने करावी: या इंजिनाला मिनिटाला किती किलो हवा लागणार? तो आकडा हातात आला की निम्मे टर्बो यादीतून आपोआप गळतात.

उदाहरणाला जिप्सी किंगचं १२९८ सीसी, १६ व्हॉल्व्हचं एमपीएफआय इंजिन घेऊ. मूळ ताकद सुमारे ८० एचपी. पिस्टन, रॉड मूळचेच ठेवायचे असतील तर लक्ष्य १२० एचपी ठेवावं, त्यापुढचा मोह टाळावा.

टर्बो बसवलेलं पेट्रोल इंजिन दर एचपीमागे तासाला साधारण पाव किलो पेट्रोल पितं. १२० एचपीला ३० किलो, म्हणजे मिनिटाला अर्धा किलो. फुल थ्रॉटलला एक किलो पेट्रोलमागे ११.८ किलो हवा धरली तर हवा झाली मिनिटाला ५.९ किलो, म्हणजे १३ पाउंड. कॉम्प्रेसर मॅप, म्हणजे टर्बोची कार्यक्षमता दाखवणारे आलेख, बहुधा पाउंडात छापलेले असतात, म्हणून हा १३ लिहून ठेवा.

आता ही हवा आत कोंबायला दाब किती? चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण भरतं, म्हणून ६००० आरपीएमला १.२९८ लिटर गुणिले ३०००, म्हणजे मिनिटाला ३८९४ लिटर. सिलिंडर प्रत्यक्षात ८८ टक्केच भरतो असं धरा: ३४२७ लिटर. तेवढ्या जागेत ५.९ किलो हवा मावायची, आणि इंटरकूलरनंतर (दाबलेली हवा गार करणारा रेडिएटर) तिचं तापमान ६० अंश असेल, तर इनटेक मॅनिफोल्डमध्ये एकूण १.६४ बार दाब हवा. बूस्ट गेज फक्त बाहेरच्या हवेवरचा जादा दाब दाखवतं, म्हणून समुद्रसपाटीला त्यावर तो ०.६३ बार दिसेल.

गाडी कुठे चालणार यावर पुढचं गणित बदलतं. मुंबईत बाहेरचा दाब १.०१ बार असतो, पुण्यात ५६० मीटर उंचीवर सुमारे ०.९५. एअर फिल्टर ०.०३ बार खातो, इंटरकूलर आणि पाइप ०.०७. म्हणजे कॉम्प्रेसरने १.७१ बार द्यायचा. प्रेशर रेशो (कॉम्प्रेसरच्या बाहेर पडणारा दाब भागिले आत शिरणारा दाब) मुंबईत १.७५ येतो, पुण्यात १.८६, आणि महाबळेश्वरच्या उंचीवर २ च्या वर. तीच ताकद काढायला घाटमाथ्यावर टर्बो जास्त वेगाने फिरतो. म्हणून मुंबईत जेमतेम पुरणारा टर्बो घेऊ नका.

पुण्याच्या पातळ हवेची आणि ३५ अंश उन्हाची दुरुस्ती केली की १३ पाउंडाचे मॅपवर १३.७ होतात. प्रेशर रेशो १.८६ वर हा पहिला बिंदू मांडा. दुसरा ३००० आरपीएमचा: तिथे हवा निम्म्याहून जरा कमी, साधारण ६.६ पाउंड. पहिला बिंदू ६८ ते ७० टक्के कार्यक्षमतेच्या वर्तुळात बसला पाहिजे आणि दुसरा डावीकडच्या सर्ज रेषेच्या उजवीकडे, थोडं अंतर राखून. दुसरा बिंदू रेषेच्या डावीकडे गेला तर कॉम्प्रेसर मोठा आहे: हवा मागे उसळते, फडफड ऐकू येते आणि थ्रस्ट बेअरिंग लवकर जातं. पहिला बिंदू उजव्या टोकाला गेला तर कॉम्प्रेसर लहान आहे आणि तो हवा नुसती तापवतो. फरक लहान नाही. ३५ अंशांची हवा ७० टक्के कार्यक्षमतेने दाबली तर १२० अंशांना बाहेर पडते, ६० टक्क्यांना १३५ ला. हे वरचे १५ अंश नॉकिंगला (मिश्रण आपोआप पेटून पडणारे ठोके) थेट आमंत्रण आहेत.

या हिशेबात पहिल्यांदा तपासावा असा टर्बो म्हणजे गॅरेटचा जीटी १५४४. कंपनी तो १ ते १.६ लिटर आणि १०० ते १५० एचपीसाठी देते. जीटी १५४८ ची वरची हद्द २०० एचपी आहे. पुढे फोर्ज्ड पिस्टन टाकणार असाल तरच तो घ्या. जीटी १२४१ ची हद्द १३० एचपी, म्हणजे आपण कायम त्याच्या टोकावर. जीटी २८ च्या घरातले टर्बो एवढ्या इंजिनावर लावूच नयेत. बूस्ट येईपर्यंत गिअर बदलायची वेळ आलेली असते.

डिझेल गाडीचा टर्बो चालेल का? आकार जुळतोसा वाटतो, पण डिझेलचा एक्झॉस्ट साधारण ८०० अंशांच्या आत राहतो, पेट्रोलचा फुल लोडला ९०० ते ९५० पर्यंत चढतो. टर्बाइन हाउसिंगला चिरा पडतात आणि व्हीजीटी (टर्बाइनभोवती हलती पाती असलेला टर्बो) असेल तर पाती जाम होतात. शिवाय ते टर्बाइन डिझेल इंजिनाच्या ४००० आरपीएमच्या बेताने कापलेलं असतं. ६००० ला एक्झॉस्ट तुंबतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्डमधला दाब बूस्टच्या दुपटीवर गेला की ए/आर (टर्बाइन हाउसिंगच्या वाटेचा आकार सांगणारा आकडा) लहान पडतोय असं समजा.

वेस्टगेट म्हणजे जादा एक्झॉस्ट टर्बाइनला वळसा घालून सोडणारी झडप. तिचा अॅक्च्युएटर ०.४ बारचा घ्या आणि ट्युनिंग तिथूनच सुरू करा. त्यातल्या स्प्रिंगपेक्षा कमी बूस्ट कुठलाच बूस्ट कंट्रोलर देऊ शकत नाही. बूस्टच्या दर ०.०७ बारला इग्निशन सुमारे एक अंश मागे घेऊन सुरुवात करा, मग नॉक बघत सुधारा.

पंपावर आता ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं, हे इंजेक्टर ठरवताना विसरू नका. त्याचं पूर्ण ज्वलनाचं हवा-इंधन प्रमाण साध्या पेट्रोलसारखं १४.७ नाही, सुमारे १३.५ आहे. म्हणून वाइडबँड मीटर (एक्झॉस्टवरून मिश्रण मोजणारं) लॅम्ब्डावर (प्रत्यक्ष प्रमाण भागिले पूर्ण ज्वलनाचं प्रमाण) ठेवा आणि फुल बूस्टला ०.८० धरा. तेवढ्याच हवेला पेट्रोल मिनिटाला ०.५५ किलो लागेल. चार इंजेक्टर, ८५ टक्के ड्युटी (इंजेक्टर उघडा राहण्याचा वेळ): प्रत्येकी मिनिटाला किमान २१५ सीसी. २४० ते २७० सीसीचे घ्या. इथे कंजुषी केली तर मिश्रण पातळ होतं आणि पिस्टन वितळतो.

जुना टर्बो घेताना डायल गेज सोबत न्या. शाफ्टचा पुढे-मागे खेळ ०.१ मिलिमीटरच्या वर असेल तर सोडून द्या. बाजूचा थोडा खेळ साध्या बेअरिंगमध्ये असतोच, पण पातं हाउसिंगला घासलेलं नको. पात्यांच्या कडा खाल्लेल्या किंवा शाफ्ट निळा पडलेला दिसला तर विक्रेता काहीही म्हणो, घेऊ नका.

बसवताना सगळ्यात जास्त चूक ऑइलच्या परतीच्या नळीत होते. आतला व्यास किमान १६ मिलिमीटर, नळी सतत उताराची, कुठेही पोट नको, आणि इंजिनाच्या ऑइल चेंबरमध्ये ती ऑइलच्या पातळीच्या वर उघडली पाहिजे. ऑइल परत जाताना तुंबलं की ते सीलमधून सायलेन्सरमध्ये उतरतं, निळा धूर येतो आणि चांगला टर्बो सील गेलं म्हणून फेकला जातो. उलट, येणाऱ्या ऑइलला बॉल बेअरिंगच्या टर्बोत सुमारे १ मिलिमीटरचा रिस्ट्रिक्टर लागतो; साध्या बेअरिंगला तो सहसा लावू नये. पहिल्यांदा स्टार्ट करण्याआधी टर्बोत हाताने ऑइल भरा, इंजेक्टरचे कनेक्टर काढा आणि ऑइलचा दिवा विझेपर्यंत नुसता स्टार्टर फिरवा.

नोंदणीकृत गाडीत असा बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. त्यामुळे हे इंजिन ट्रॅकच्या गाडीत बसवायचं असं धरूनच खर्चाला हात घाला.