ट्रॅव्हल ट्रेलरच्या शॉवरमागील गळती: वाट काढणे आणि सांधा बदलणे

ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायचे फिरते घर, बांधताना शॉवरचा ट्रे (पायाखालचा उथळ तळ), पाइप आणि नळ आधी बसवले जातात, आणि कपाटे, पलंगाचे खोके व बाहेरच्या भिंती त्यांच्याभोवती नंतर उभ्या राहतात. कारागिराला जी जोडणी मोकळी मिळाली होती, ती ट्रेलर तयार झाल्यावर कुठूनच हाताला लागत नाही. त्यामुळे या दुरुस्तीत प्रत्यक्ष सांधा बदलायला थोडाच वेळ लागतो, तर त्या सांध्यापर्यंत पोहोचण्यात दिवस जातो. माझ्या मते खरे कौशल्य या वाटेतच आहे: ती योग्य जागी काढावी, पुरेशी मोठी काढावी आणि पुढे कधीही उघडता येईल अशी ठेवावी.

काहीही कापण्यापूर्वी पाणी नेमके कोणत्या भागातून येते हे ठरवावे, कारण ट्रेलर किंचित जरी कलता उभा असला तरी पाणी जमिनीच्या प्लायवुडवरून बरेच लांब वाहत जाते आणि ओल भलत्याच कोपऱ्यात दिसते. प्रथम टाकीत पाणी भरून पंप चालू करावा व सर्व नळ बंद ठेवावेत. कोणीही पाणी वापरत नसताना पंप अधूनमधून आपोआप सुरू होत असेल, तर दाबाखालचा एखादा सांधा गळत असण्याची शक्यता मोठी असते. मात्र पंपातील उलट-प्रवाह रोखणारी झडप किंवा शौचालयाची झडप झिरपत असली तरी हेच लक्षण दिसते, म्हणून त्याही तपासाव्यात. पंप शांत राहिला, तर बादलीतले पाणी भिंतींवर उडू न देता थेट निचऱ्याच्या जाळीत ओतावे; आता ओल आली तर दोष ट्रेखालच्या सांडपाण्याच्या नळीत आहे. त्यानंतर निचरा बुचाने बंद करून ट्रेमध्ये तासभर पाणी साठवावे, म्हणजे ट्रेची चीर किंवा जाळीभोवतीचा सांधा उघडा पडतो. शेवटी हातशॉवरचे पाणी भिंतींच्या कडांवर मारावे. केवळ याच वेळी ओल आली, तर कडांचे जुने सिलिकॉन काढून नवे भरणे पुरेसे असते आणि पुढचा सगळा खटाटोप वाचतो. एका चाचणीनंतर जागा पूर्ण कोरडी झाल्याशिवाय दुसरी चाचणी घेऊ नये.

दाबाच्या बाजूला हात घालण्याआधी गीझरची वीज आणि गॅस दोन्ही बंद करून पाणी थंड होऊ द्यावे. विजेवर चालणारा गीझर रिकामा असताना चालू राहिला, तर त्यातील तापक जळतो, म्हणून ही पायरी गृहीत धरू नये. मग पंप बंद करावा, बाहेरून जोडलेली पाण्याची नळी काढावी, गरम व थंड दोन्ही नळ उघडावेत आणि ट्रेलरच्या पोटाखाली असलेल्या निचरा तोट्या उघडून पाइप रिकामे करावेत. भिंतीच्या पोकळीतून बॅटरीच्या आणि मुख्य विजेच्या तारा जातात. भिंत कापायची असेल तर दोन्ही पुरवठे तोडावेत.

आता वाट शोधायची. शॉवरचा मिश्रक नळ (गरम व थंड पाणी एकत्र करणारा) बहुधा आतल्या आडभिंतीवर असतो, आणि त्या भिंतीच्या पलीकडे कपडे ठेवण्याचे कपाट, पलंगाखालचा कप्पा किंवा स्वयंपाकघराचे शेवटचे खण असते. तिथले खण पूर्ण बाहेर काढून टॉर्च आणि छोट्या आरशाने आत पाहावे. मोबाइलला जोडता येणारा नळीसारखा तपासणी कॅमेरा मिळाला तर काम फार सोपे होते. कित्येकदा कपाटाची पाठ किंवा एखादी सपाट पाटी केवळ स्टेपलने ठोकलेली असते आणि पातळ पट्टीने हळूहळू उचलल्यास अखंड निघते. अशी पाटी सापडली नाही, तरच कापण्याचा विचार करावा, आणि तेही शॉवरच्या बाजूने कधीच न करता कपाटाच्या आतून. आधी एक लहान छिद्र पाडून त्यातून वाकवलेली तार फिरवावी व लाकडी पट्टी, पाइप किंवा तार आड येते का हे पाहावे. आतील भिंतींचे प्लायवुड जेमतेम ३ मिलिमीटर जाडीचे असते, म्हणून कंपन करणाऱ्या कटरच्या पात्यावर तेवढ्या खोलीची खूण चिकटपट्टीने करून त्यापुढे पाते जाऊ देऊ नये. छिद्र सुमारे ३० बाय ३५ सेंटिमीटरचे असावे. कंजूषपणा करून लहान छिद्र पाडले, तर एक हात आत गेल्यावर दुसऱ्या हाताला आणि नजरेला जागाच उरत नाही.

दोष निचऱ्याच्या बाजूला असेल, तर बऱ्याच ट्रेलरमध्ये खालून जावे लागते. चाकांना पुढून-मागून अडथळे लावल्याशिवाय आणि वजन पेलणाऱ्या स्टँडचा आधार दिल्याशिवाय ट्रेलरखाली शिरू नये. कोपऱ्यांतील स्थिरक जॅक वजन उचलण्यासाठी नसतात. पोटाखालचा पन्हळी प्लॅस्टिकचा पत्रा तीन बाजूंनी कापून झाकणासारखा खाली वाकवता येतो आणि नंतर त्यासाठीच्या मजबूत चिकटपट्टीने बंद करता येतो.

पुरवठ्याचे पाइप आता सहसा अर्ध्या इंचाचे पेक्स (एक लवचीक प्लॅस्टिक) असतात, ज्यांचा बाहेरचा व्यास सुमारे १५.९ मिलिमीटर असतो. जुन्या ट्रेलरमध्ये करड्या रंगाचे पॉलिब्युटिलीन हे दुसरे प्लॅस्टिक सापडू शकते; १९९०च्या दशकाच्या मध्यानंतर ते वापरातून गेले. केवळ रंगावर न जाता पाइपावर छापलेली अक्षरे वाचावीत आणि तसे आढळल्यास त्या पाइपासाठी प्रमाणित केलेला जोडच घ्यावा. पेक्स जोडण्याच्या पद्धतींपैकी तांब्याची कडी दाबण्याच्या हत्याराला दोन लांब मुठी असतात, आणि त्या उघडायला अशा पोकळीत जागा नसते. कानवाली स्टीलची क्लॅम्प कडी दाबणारे हत्यार अरुंद जागेत चालते, म्हणून मी तीच पसंत करतो. कडी पाइपाच्या टोकापासून ३ ते ६ मिलिमीटर आत असावी. जिथे हत्यारच पोहोचत नाही, तिथे दाबून बसवायचा जोड वापरावा. मात्र पाइप काटकोनात कापलेला, ओरखड्यांविना आणि सरळ असावा, उत्पादकाने दिलेली खोली पाइपावर पेनाने आखावी आणि ती खूण जोडाच्या कडेला येईपर्यंत पाइप आत ढकलावा. बहुतेक दोषी जोड अर्धवट ढकललेलेच असतात.

नवा मिश्रक नळ बसवायचा असेल, तर एक नियम काटेकोर पाळावा: जेवढे सांधे बाहेर टेबलावर करता येतील तेवढे तिथेच करावेत. नळाला दोन्ही पाइपांचे पुरेसे लांब तुकडे आधीच जोडून ठेवले, की पोकळीत फक्त दोन सांधे उरतात आणि ते मोकळ्या जागी आणता येतात. नळ विकत घेताना जुन्या नळाच्या दोन छिद्रांतील अंतर मोजावे. ट्रेलरमध्ये ते सहसा ४ इंच असते. गरम पाणी समोरून पाहता डावीकडे येते, म्हणजे मागून काम करताना ते उजवीकडे असते, आणि घाईत इथे अदलाबदल होते. शंकूच्या आकाराचे वॉशर असलेले प्लॅस्टिकचे नट हाताने घट्ट करून वर जेमतेम पाव फेरा द्यावा. त्यांच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नये, कारण पाणी अडवण्याचे काम वॉशर करतो, आटे नाहीत. पान्याने जोर लावून तडकलेला नट लगेच गळत नाही. तो पुढच्या प्रवासात गळतो. पाइपांना प्रत्येक वळणाजवळ क्लॅम्पने आधार द्यावा, कारण रस्त्यावरच्या हादऱ्यांनी लोंबकळणारा पाइप आपल्याच सांध्याला सैल करतो.

निचऱ्याच्या जाळीखाली तेलयुक्त पुट्टी वापरण्यापेक्षा सिलिकॉन लावावे. काही प्लॅस्टिकवर पुट्टीतील तेलाचा वाईट परिणाम होतो. ट्रेखाली पाणी धरून ठेवणाऱ्या वाकड्या नळीला जागा पुरत नसेल, तर पाण्याविना दुर्गंधी अडवणारी सरळ झडप आडवी बसवता येते. निचरा नळीला मीटरमागे सुमारे २ सेंटिमीटर उतार द्यावा. जाळीजवळचा सांधा दुरुस्त करूनही पुन्हा सुटत असेल, तर ट्रेवर उभे राहून तो पायाखाली दबतो का हे पाहावे. दबत असल्यास खाली आधार देणे अत्यावश्यक आहे, कारण तोवर कोणताही सांधा टिकणार नाही. त्या पोकळीत कमी फुगणारा फोम थोडा-थोडा भरावा; जास्त फुगणारा फोम ट्रे वर उचलतो किंवा वाकवतो.

भिंत बंद करण्यापूर्वी पंपाच्या दाबाने आणि मग बाहेरच्या पाण्याने चाचणी घ्यावी. बाहेरचा दाब नियंत्रकाद्वारे ४० ते ६० पीएसआयमध्ये (दाबाचे एकक, पौंड प्रति चौरस इंच) ठेवावा. प्रत्येक सांध्याभोवती कोरडा कागदी रुमाल गुंडाळून ठेवावा, कारण बोटाला न जाणवणारा थेंब कागदावर लगेच दिसतो. गरम पाणीही पुरेसा वेळ सोडून पाहावे. तापल्यावर प्लॅस्टिक पसरते आणि थंड पाण्यात घट्ट वाटलेला सांधा तेव्हा पाझरू शकतो. या काळात ओल्या लाकडात स्क्रू ड्रायव्हरचे टोक खुपसून पाहावे. ते सहज आत गेले तर तो भाग कुजला आहे आणि बदलायलाच हवा. उरलेली ओल पंख्याने काही दिवस वाळवल्याशिवाय पोकळी बंद करू नये.

बंद करताना खिळे किंवा गोंद वापरू नये. छिद्राच्या कडांना आतून लाकडी पट्ट्या लावून त्यांवर स्क्रूने पाटी बसवावी, आणि पहिल्या प्रवासानंतर ती उघडून सांधे पुन्हा कागदाने तपासावेत. पाणी गोठेल इतकी थंडी पडणाऱ्या प्रदेशात ट्रेलर उभा राहणार असेल, तर याच वेळी हातशॉवरची नळी खाली सोडून रिकामी करावी व मिश्रक नळाच्या गरम आणि थंड दोन्ही बाजूंतून प्रोपिलीन ग्लायकॉलचे बिनविषारी गोठणरोधक द्रावण बाहेर येईपर्यंत सोडावे, कारण शॉवरमागे अडकलेले थोडेसे पाणी गोठले तरी नवा नळ फुटतो.