जर्मनच्या छोट्या क्लाससाठी शिक्षक नेमताना

जर्मनच्या क्लासला विद्यार्थी मिळवणं आता फारसं अवघड राहिलेलं नाही. घाम फुटतो तो शिक्षक मिळवताना. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. त्याच वर्षी ऑक्टोबरात जर्मनीने भारतीयांसाठीचे कुशल कामगार व्हिसा वर्षाला २०,००० वरून ९०,००० वर नेण्याचं जाहीर केलं. तेव्हापासून 'बी१ गॅरंटीड'चे फ्लेक्स जिकडेतिकडे दिसतात (भाषेच्या पातळ्या ए१ पासून सी२ पर्यंत चढत जातात, बी१ ही मधली), आणि ज्याच्याकडे बी२ चा कागद आहे त्याला दोन-तीन ठिकाणांहून बोलावणं असतं. मोठ्या एजन्सी जो पगार देतात तो आपल्यासारख्या दोन खोल्यांच्या क्लासला परवडत नाही. मी कोथरूडमध्ये ए१ ते बी१ च्या बॅचेस चालवते, स्वतः शिकवते आणि शिक्षकही नेमते. त्यातून पक्कं झालेलं मत असं, की सर्टिफिकेट भेटीला बोलावण्यापुरतं बघायचं आणि माणूस वर्गात उभा करून नेमायचा.

जाहिरात लिहायच्या आधी बॅचमध्ये कोण बसणार आहे ते स्वतःला विचारा. नवऱ्याकडे जर्मनीला जायचंय म्हणून ए१ हवं असलेली मुलगी, आउसबिल्डुंगसाठी, म्हणजे जर्मनीतल्या व्यवसाय-प्रशिक्षणासाठी, किंवा नर्सिंगसाठी बी१-बी२ गाठायला निघालेली मुलं, आणि अकरावी-बारावीला मार्क मिळतात म्हणून जर्मन घेतलेली कॉलेजची पोरं, या तिघांना एकच शिक्षक क्वचितच चालतो. बारावीच्या मुलांना पेपर सोडवून घेणारा हवा. नर्सिंगवाल्यांना तोंड उघडायला लावणारा हवा, कारण त्यांना उद्या वॉर्डात पेशंटशी बोलायचंय. मला एकदा एक अतिशय हुशार सर भेटले होते, बोर्डाच्या पेपरात मुलांना पैकीच्या पैकी मिळवून देणारे. बोलण्याच्या बॅचला ते नको होते, आणि मी त्यांना तसं सांगितल्यावर ते म्हणाले, "मॅडम, मलाही ती बॅच नकोच आहे." असा प्रामाणिक माणूस बारावीच्या बॅचला ताबडतोब धरून ठेवावा.

पुण्यात शोधायला जागा भरपूर आहेत. फर्ग्युसन रस्त्यावरचं रानडे इन्स्टिट्यूट, म्हणजे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग, तिथे एम.ए. करणारी मुलं संध्याकाळच्या बॅचला मिळतात. बोट क्लब रोडवरच्या मॅक्स म्युलर भवनातून वरच्या पातळ्या पूर्ण केलेले बरेच जण शनिवार-रविवार शिकवायला तयार असतात. पण माझा सगळ्यात भरवशाचा झरा वेगळा आहे. कंपन्यांत भाषांतराचं काम केलेल्या, मुलं लहान म्हणून घरी बसलेल्या आणि आता मूल शाळेत गेल्यावर सकाळचे दोन-तीन तास मोकळे झालेल्या बायका. त्यांची जाहिरातींवर नजर नसते. त्या सापडतात ओळखीतून, सोसायटीच्या ग्रुपवरून, जुन्या विद्यार्थ्यांच्या मावशी-काकूंतून. दुसरे म्हणजे आपलेच जुने विद्यार्थी. बी२ करून परत आलेला मुलगा ए१ च्या बॅचला मदतनीस म्हणून सहा महिने ठेवा, पुढे तो आपसूक तयार होतो. पुण्याबाहेर, सांगली किंवा जळगावात क्लास असेल तर ऑनलाइन शिक्षक घ्यायला हरकत नाही, मात्र खोलीत एक माणूस बसवावा लागतो. एकाच स्क्रीनसमोर बसलेली दहा मुलं पंधरा मिनिटांत मोबाइल काढतात.

आता कागद. ए१ ते सी२ ही मोजपट्टी युरोपच्या परिषदेने २००१ साली आणली आणि आज सगळे तीच वापरतात. माझा नियम साधा आहे: ज्या पातळीला शिकवायचं तिच्या दोन पायऱ्या वर शिक्षक असावा. ए१-ए२ ला बी२ चालतं, बी१ ला सी१ हवं. सर्टिफिकेट ग्योथेचं, टेल्कचं की ओएसडीचं, म्हणजे परीक्षा कोणत्या संस्थेची, याने फार फरक पडत नाही. 'अमुक अकॅडमीचा बी२ कोर्स पूर्ण' असा कागद मात्र परीक्षेचा नसतो, कोर्सला हजर राहिल्याचा असतो. तो आणि परीक्षेचं प्रमाणपत्र यातला फरक फोनवरच विचारून घ्या. मूळ प्रत बघा, आणि त्यावरचे मॉड्यूलनिहाय गुण वाचा. ग्योथेच्या बी१ आणि बी२ ला वाचन, ऐकणं, लेखन, बोलणं असे चार स्वतंत्र भाग असतात, प्रत्येक १०० गुणांचा, आणि ६० ला पास. वाचनात ९२ आणि बोलण्यात ६१ असा माणूस पास असतोच, पण बोलण्याच्या बॅचला त्याला उभं करताना दोनदा विचार करावा. जपानीचे क्लास चालवणाऱ्यांची अडचण याहून मोठी, कारण जेएलपीटीत, म्हणजे जपानीच्या पातळी-परीक्षेत, बोलण्याची परीक्षाच नाही. एन२ वाला, म्हणजे तिची वरून दुसरी पातळी पास झालेला, समोर बसून गप्प राहू शकतो.

शिकवण्याचं प्रशिक्षण, म्हणजे ग्योथेचा 'डॉइच लेरेन लेर्नेन' किंवा बी.एड., असेल तर उत्तम. नसेल तर मी अडून बसत नाही.

जर्मन माणूसच शिक्षक हवा, हा आग्रह पालकांचा आणि कधी कधी आपलाही असतो. ए१ ला मला तो पटत नाही. मराठीत तीन लिंगं आहेत, जर्मनमध्येही तीन. 'तो चमचा, ती सुरी, ते ताट' हे ज्याच्या तोंडात बसलंय तो डेअर-डी-डासची, म्हणजे नामाच्या लिंगाप्रमाणे बदलणाऱ्या आर्टिकलची, भीती पहिल्या आठवड्यात घालवू शकतो, आणि ही वाट मराठी शिक्षकाला जन्मतःच ठाऊक असते. बी१ च्या पुढे संभाषणासाठी जर्मन माणूस मिळाला तर सोन्याहून पिवळं. मग व्हिसा बघा. टुरिस्ट व्हिसावर आलेल्याला पैसे देऊन शिकवायला लावता येत नाही. नवऱ्याच्या नोकरीमुळे बाणेर-कल्याणीनगरला राहणाऱ्या बाईंचा डिपेंडंट व्हिसा असेल तर तोही कामासाठी नसतो. एम्प्लॉयमेंट व्हिसाला पगाराची किमान अट आहे, पण इंग्रजी सोडून इतर भाषांच्या शिक्षकांना तिच्यातून सूट आहे. 'आपण नुसतं मानधन देऊ' ही पळवाट नाही, ती अडकायची वाट आहे.

डेमो

पहिला फोन दहा मिनिटांचा, त्यातली पाच मिनिटं जर्मनमधून. व्याकरणाचं काही विचारायचं नाही, काल काय केलं एवढंच. भूतकाळात बोलताना माणूस अडखळतो का, वाक्य अर्धवट सोडून इंग्रजीत शिरतो का, ते लगेच कळतं.

मग डेमो. आदल्या दिवशी विषय कळवा, खऱ्या बॅचमधली पाच-सहा मुलं बसवा, वीस मिनिटं द्या, आणि आपण शेवटच्या बाकावर बसा. मी ए१ साठी नेहमी अक्कुझाटिव्ह, म्हणजे कर्माची विभक्ती, देते, कारण तिथे मुलं हमखास चुकतात. विद्यार्थी म्हणतो, "इश हाबे आइन ब्रुडर", म्हणजे मला एक भाऊ आहे. 'आइनेन ब्रुडर' हवं. इथे शिक्षक काय करतो त्यावर माझा निम्मा निर्णय होतो. एका उमेदवाराने "राँग" म्हणून बोर्डावर पूर्ण तक्ता काढला, नॉमिनाटिव्ह, अक्कुझाटिव्ह, दाटिव्ह, गेनिटिव्ह, चारही विभक्तींचे रकाने. अक्षर सुंदर, एक चूक नाही. मुलांनी तक्ता उतरवून घेतला आणि वीस मिनिटांत एकाही मुलाचं दुसरं वाक्य ऐकू आलं नाही. त्यानंतर आलेल्या बाई बोर्डाकडे वळल्याच नाहीत. त्या म्हणाल्या, "इश हाबे आइ...?", भुवया उंचावल्या आणि थांबल्या. सगळा वर्ग थांबला. मुलगा दोन-तीन सेकंद घुटमळला आणि म्हणाला, "आइनेन?" बाईंनी मान डोलावली आणि लगेच शेजारच्या मुलीला विचारलं, तुला भाऊ आहे का? तिला नव्हता. मग बहीण निघाली, 'आइने श्वेस्टर' आलं, मग कुणाचा कुत्रा, कुणाची सायकल. तक्ता त्यांनी शेवटच्या तीन मिनिटांत काढला, तोही मुलांकडून भरून घेतला. बाईंकडे बी२ होतं, तक्तेवाल्या उमेदवाराकडे सी१. मी बाईंना घेतलं.

डेमोत मी घड्याळ लावून एकच गोष्ट मोजते: शिक्षक किती बोलला आणि मुलं किती बोलली. वीसपैकी पंधरा मिनिटं शिक्षकच बोलत असेल तर पुढे ऐंशी तासांची बॅचही तशीच जाणार. उच्चारांकडेही कान ठेवा. 'ऊ'साठी ओठ पुढे काढून 'ई' म्हणायचा तो उम्लाउटवाला (वर दोन टिंबं असलेला) स्वर ज्याला नीट येत नाही, त्याच्या हाताखालची दहा मुलं आयुष्यभर 'युबेन' म्हणत राहतात, आणि परीक्षक तो आवाज लगेच टिपतो.

डेमो झाल्यावर उमेदवाराला ए२ च्या एखाद्या विद्यार्थ्याचं पत्र द्या, नाव खोडून, आणि लाल पेन. काहीजण प्रत्येक चूक रंगवतात, पान रक्तबंबाळ होऊन परत येतं. काहीजण फक्त 'गुट!' लिहितात. मला हवा असतो तो, जो क्रियापदाची जागा आणि आर्टिकल यांच्यावर खुणा करतो, बाकीचं आज सोडून देतो, आणि विचारलं तर का सोडलं ते सांगतो.

पैसे आणि कागदोपत्री

दर ताशी ठरवा, पण तासात काय काय येतं ते लिहून काढा. वह्या तपासणं, मॉक परीक्षा, पालकांचे फोन, महिन्याची मीटिंग. बहुतेक भांडणं दरावरून होत नाहीत, या बिनपैशाच्या तासांवरून होतात. समजा, ताशी ६०० रुपये आणि ८० तासांची बॅच, म्हणजे ४८,००० झाले. शिक्षकाने तपासणीत आणखी २० तास घातले तर त्याचा खरा दर ४८० वर येतो, आणि हा हिशोब तो घरी जाऊन करतोच. मी तपासणीचे तास वेगळे धरून अर्ध्या दराने देते.

व्यावसायिक फी एका आर्थिक वर्षात ५०,००० च्या वर गेली की १० टक्के टीडीएस येतो. वरच्या उदाहरणात दुसरी बॅच दिली की आपण त्या रेषेपलीकडे. क्लास एकट्याच्या नावावर असेल आणि उलाढाल लहान असेल तर ही जबाबदारी सहसा येत नाही. भागीदारी, एलएलपी किंवा कंपनी असेल तर येते. आपण कुठे बसतो ते सी.ए.ला एकदा विचारून घ्या. पैसे मात्र ठरलेल्या तारखेला द्या. चांगला शिक्षक दुसऱ्या क्लासला जातो त्याचं कारण बऱ्याचदा शंभर रुपये जास्त हे नसतं, पाच तारखेचे पैसे वीस तारखेला मिळणं हे असतं.

आता सगळ्या क्लासचालकांची दुखरी नस. शिक्षक मुलं घेऊन गेला तर? म्हणून करारात लिहितात, 'सोडल्यावर दोन वर्षं पाच किलोमीटरच्या आत क्लास काढणार नाही.' हे कलम शोभेचं आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम २७ धंदा करण्यावर अशी बंदी घालणारा करार रद्द समजतं. काम सुरू असताना आपल्याच विद्यार्थ्यांची खासगी शिकवणी घ्यायची नाही, हे मात्र लिहून घेता येतं. त्यापलीकडचं संरक्षण म्हणजे विद्यार्थ्यांशी क्लासचा स्वतःचा संबंध असणं. फी ऑफिसात भरली जावी, ग्रुप ऑफिसच्या नंबरवरून चालावा, आणि दर महिन्याला आपण एकदा प्रत्येक बॅचमध्ये जाऊन बसावं.

दुसरं कलम बहुतेकांच्या करारात नसतंच: नोट्स कुणाच्या? पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून तयार केलेल्या साहित्याचा हक्क, वेगळं काही ठरलं नसेल तर, मालकाकडे जातो. ताशी मानधनावर येणाऱ्या शिक्षकाच्या वर्कशीट्स त्याच्याच असतात. त्या क्लासला हव्या असतील तर हक्क लेखी सहीने घ्यावे लागतात, आणि त्यात मुदत व प्रदेश लिहावा लागतो. मुदत लिहिली नाही तर कॉपीराइट कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. ऑनलाइन बॅचला दुबईतली मराठी मुलं बसत असतील तर या ओळीचं महत्त्व वेगळं सांगायला नको. रेकॉर्ड केलेल्या लेक्चरचंही याच कलमात लिहून टाका, नाहीतर बाई सोडून गेल्यावर त्यांचे व्हिडिओ विकताना अवघडल्यासारखं होतं.

पहिला महिना

नवीन शिक्षकाला पहिली बॅच पूर्ण देऊ नका. ए१ चे सुरुवातीचे धडे किंवा उजळणीचे तास द्या. तिसऱ्या आठवड्यात मुलांना विचारा, पण "सर आवडतात का?" असं नको, त्याला सगळे हो म्हणतात. "काल वर्गात तू स्वतः कोणतं वाक्य बोललास?" असं विचारा. वाक्य आठवत नसेल तर शिक्षकाशी बोला, एकांतात आणि चहा पाजून. हजेरीपटही बघा. मंगळवारी एका मॅडमकडे सगळे असतात आणि गुरुवारी दुसऱ्या सरांकडे चार कमी, हे दोनदा दिसलं की मी तिसऱ्या गुरुवारी शेवटच्या बाकावर जाऊन बसते.

आणि डेमोत दुसऱ्या नंबरवर आलेल्या उमेदवाराला कधी 'कळवतो' म्हणून टांगून ठेवू नका. त्याच दिवशी फोन करून स्पष्ट सांगा, की ही बॅच दुसऱ्याला दिली, पण बदलीच्या तासांना तुम्हाला बोलावलं तर याल का, ताशी दर तोच. बहुतेक जण हो म्हणतात. दिवाळीनंतर लग्नसराई सुरू झाली की हा नंबर आठवड्याला एकदा तरी लागतोच.